स्वातंत्र्याचे सूप

जानेवारीची पहिली तारीख. पूर्वेला अद्याप पुरते फटफटलेले नाही. परंतु कॅरिबियन समुद्रातील हैती नावाच्या लहानशा देशात घरोघरी शेगड्या पेटल्या आहेत. शेगड्यांतील कोळसे रसरसून फुलले आहेत आणि त्यांवर चढवलेल्या मोठमोठ्या पातेल्यांतून वाफेचे लोट उठत आहेत. लवंग, लसूण आणि मिरची यांचा संमिश्र वास गल्लीबोळांतून दरवळत आहे. आज शेजाऱ्याच्या घरी काय शिजते आहे, हे तेथे कोणालाही विचारावे लागत नाही. कारण त्या दिवशी डोंगरातल्या झोपडीत आणि राजधानीतल्या बंगल्यात एकच पदार्थ शिजतो. तो पदार्थ म्हणजे तांबड्या भोपळ्याचे सूप. हैतीच्या क्रेओल भाषेत या भोपळ्याला ‘जूमू’ म्हणतात. म्हणून या सुपाला ‘सूप जूमू’ असे नाव पडले आहे.

सणाच्या दिवशी पक्वान्ने करण्याची चाल जगात सर्वत्र आहे. परंतु भोपळ्याचे सूप हे काही पक्वान्न नव्हे. त्याला तुपाची धार नाही, की साखरेचा पाक नाही. दिसायला ते आपल्याकडील एखाद्या दाट रश्श्यासारखे असते. मग एका सबंध राष्ट्राने वर्षाचा पहिला घास याच सुपाचा घ्यावा, असे त्यात काय आहे? या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही. ते इतिहासात सापडते.

कॅरिबियन समुद्रात हिस्पानिओला नावाचे एक मोठे बेट आहे. त्याचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे हैती. उरलेल्या भागात डोमिनिकन प्रजासत्ताक हा देश आहे. इ. स. १४९२ च्या डिसेंबर महिन्यात कोलंबस या बेटाला लागला. त्या वेळी तेथे ताइनो लोक राहत होते. आपल्या भूमीला ते ‘हैती’, म्हणजे डोंगरांचा देश, असे म्हणत. स्पॅनिश लोकांनी लादलेले कष्ट आणि त्यांच्याबरोबर आलेले रोग यांमुळे हे मूळ रहिवासी थोड्याच दशकांत जवळजवळ नामशेष झाले. पुढे १६९७ साली झालेल्या तहाने बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला. आपल्या या वसाहतीला फ्रेंचांनी ‘सँ-दोमँग’ असे नाव दिले.

या भूमीत ऊस उत्तम येई. कॉफी, नीळ आणि कापूसही पिके. युरोपात साखरेची गोडी वाढत चालली होती आणि तिच्या व्यापारात अमाप पैसा होता. परंतु उसाचे काम फार कष्टाचे. ऊस तोडला की त्याचा रस लवकर काढावा लागतो, नाहीतर तो बिघडतो. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरत राहत. रसाच्या कढया धगधगत्या भट्ट्यांवर अखंड उकळत असत. हे काम करण्यासाठी फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे आणली. ती माणसे स्वखुशीने आली नव्हती. त्यांना पकडून, विकून, जहाजांच्या तळाशी साखळ्यांनी जखडून आणण्यात आले होते. १७८९ च्या सुमारास या एका वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम होते, तर गोऱ्या लोकांची संख्या चाळीस हजारांच्या आत होती. त्या काळी ही जगातील सर्वांत धनवान वसाहतींपैकी एक समजली जाई. परंतु ज्यांच्या घामातून हे धन निर्माण होई, त्यांच्या वाट्याला त्यातील कवडीही येत नसे. अपुरे अन्न, अतिश्रम आणि चाबकाचे फटके यांमुळे गुलाम इतक्या संख्येने मरत, की त्यांच्या जागी दर वर्षी हजारो नवी माणसे आणावी लागत.

गुलामांना काय खायला द्यावे, हेदेखील कायद्याने ठरवलेले होते. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने काढलेल्या एका फर्मानात त्याचे माप दिलेले आहे. दहा वर्षे व त्यांवरील प्रत्येक गुलामाला आठवड्यास कसावा नावाच्या कंदाचे ठरावीक पीठ आणि त्यासोबत दोन पौंड खारवलेले मांस किंवा तीन पौंड मासे द्यावेत, असे ते फर्मान सांगते. म्हणजे दहा वर्षांचे मूल त्या कायद्याच्या दृष्टीने मूल राहत नसे. ते कामकरी गुलाम होई. एवढा शिधाही पुष्कळ मळेवाले पुरता देत नसत. रविवारची सुट्टी मिळाली की गुलाम आपल्या वाट्याच्या जमिनीच्या तुकड्यात कंदमुळे लावत आणि त्यांवर पोट भरत.

याच मळ्यांवर धन्याचा वाडा असे आणि वाड्यात स्वयंपाकघर असे. तेथे राबणारे हातही गुलामांचेच. हैतीत पिढ्यानपिढ्या अशी हकीकत सांगितली जाते, की धन्याच्या मेजावरील आवडत्या पदार्थांत भोपळ्याचे सूप हा एक मानाचा पदार्थ होता. गुलामांनी भोपळा पिकवावा, तो चिरावा, शिजवावा, घोटावा आणि सुवासिक सूप अदबीने मेजावर नेऊन ठेवावे. परंतु त्याचा एक थेंबही त्यांनी चाखू नये, असा तेथे दंडक होता. भुकेल्या माणसाने अन्न शिजवावे आणि त्याचा केवळ वास घ्यावा, याहून मोठी शिक्षा कोणती? चाबकाचा वळ काही दिवसांनी बुजतो. परंतु ‘हे अन्न तुझ्यासाठी नाही,’ हे शब्द मनात खोल रुतून राहतात.

अखेर सहनशक्तीची सीमा संपली. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्या घोषणा समुद्र ओलांडून या बेटापर्यंत पोहोचल्या. परंतु त्या घोषणांत आपला समावेश नाही, हे गुलामांच्या ध्यानात आले. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात उत्तरेकडील मळ्यांवर बंडाचा वणवा पेटला. उसाचे फड जळू लागले. थोड्याच दिवसांत हजारो गुलाम बंडात सामील झाले.

या लढ्याला तूसँ लूव्हेर्त्यूर हा असामान्य नेता लाभला. तो गुलाम म्हणूनच जन्मला होता. मळ्यावर त्याने घोडागाडी हाकण्याचे काम केले होते. परंतु त्याला लिहितावाचता येत होते आणि त्याची बुद्धी तीक्ष्ण होती. विस्कळीत बंडखोरांतून त्याने शिस्तबद्ध सैन्य उभे केले. गुलामांच्या या पराक्रमामुळे फ्रान्सला नमते घ्यावे लागले आणि १७९४ साली फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाल्याचे जाहीर झाले. परंतु हा आनंद फार काळ टिकला नाही. नेपोलियनने धाडलेले मोठे सैन्य १८०२ साली या बेटावर उतरले. तूसँला कपटाने पकडून फ्रान्सच्या थंड, डोंगराळ प्रदेशातील एका किल्ल्यात कोंडण्यात आले. तेथेच ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला.

नेता गेला, पण लढा थांबला नाही. गुलामगिरी पुन्हा लादली जाणार, हे लोकांना उमगले होते आणि मरण पत्करले तरी पुन्हा गळ्यात साखळी नको, असा त्यांचा निश्चय झाला होता. झाँ-झाक देसालिन हा सेनापती पुढे आला. तोही जन्माने गुलामच होता. फ्रेंच सैन्याला रणांगणावरील प्रतिकाराने जेरीस आणले आणि पीतज्वराच्या साथीने पोखरले. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे शेवटची मोठी लढाई झाली आणि फ्रेंचांनी माघार घेतली. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह या गावी देसालिनने स्वातंत्र्याची घोषणा केली. फ्रेंचांनी दिलेले नाव टाकून देऊन नव्या राष्ट्राने ताइनो लोकांचे जुने नाव धारण केले — हैती! गुलामांनी स्वतः बंड करून स्वतंत्र राष्ट्र स्थापन केल्याचे हे जगाच्या इतिहासातील पहिले उदाहरण होय.

स्वातंत्र्याचा पहिला दिवस कसा साजरा करावयाचा? तोफा उडवता आल्या असत्या, मिरवणुका काढता आल्या असत्या. परंतु हैतीच्या लोकस्मृतीत त्या दिवसाचे जे चित्र कोरले गेले आहे, ते निराळेच आहे. देसालिनची पत्नी मारी-क्लेअर हिने त्या दिवशी भोपळ्याचे सूप करून सर्वांना वाढण्यास सांगितले, असे तेथील परंपरा सांगते. मारी-क्लेअर ही करुणेबद्दल प्रसिद्ध होती. १८०० साली जाकमेल शहराला वेढा पडला असता आतील माणसे अन्नावाचून तडफडू लागली. तेव्हा वेढा घालणाऱ्या सेनापतीला, म्हणजे देसालिनलाच, तिने विनवले आणि स्त्रियांसह अन्न व औषधे घेऊन ती शहरात गेली. भूक म्हणजे काय, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच स्वातंत्र्य म्हणजे काय, हे साध्यासुध्या माणसांना समजावून सांगण्याचा सोपा मार्ग तिला गवसला असावा. जे सूप काल धन्याचे होते, ते आज सर्वांचे झाले. ज्यांनी आयुष्यभर ते शिजवले, त्यांनी ते पहिल्याने ओठांना लावले. लांबलचक जाहीरनामा ज्यांना वाचता येत नव्हता, त्यांनाही या एका घोटाचा अर्थ तत्काळ कळला.

तेव्हापासून प्रत्येक १ जानेवारीला हैतीत हे सूप होते. त्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. लसूण, पातीचा कांदा, मिरच्या, कोथिंबिरीसारखा दिसणारा पार्सलीचा पाला आणि थाइम नावाची सुगंधी पाने यांचे हिरवे वाटण करतात. या वाटणाला तेथे ‘एपिस’ म्हणतात. लिंबाच्या रसाने स्वच्छ केलेले मांसाचे तुकडे या वाटणात मुरवत ठेवतात आणि मग ते मंद आंचेवर शिजवतात. दुसरीकडे भोपळ्याच्या फोडी उकडून, घोटून त्यांचा गर करतात. तो केशरी गर रश्शात मिसळला, की पातेल्यातील रंग उगवत्या सूर्यासारखा खुलतो. मग त्यात बटाटा, गाजर, कोबी, सलगम यांच्या फोडी पडतात. शेवटी शेवयांसारखे किंवा नळीच्या आकाराचे गव्हाचे तुकडे घालतात. एक तिखटजाळ मिरची अखंडच सोडतात. ती फुटणार नाही अशा बेताने ढवळावे लागते. ती फुटली तर सूप तोंडाला लावण्याची सोय राहत नाही! दोन लवंगा आणि लिंबाची चार थेंब फोड, एवढ्याने चव पुरी होते.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. घरातील वडीलधारी स्त्री पातेल्याची सूत्रे हाती घेते. मुले भाज्या सोलतात. शेतकऱ्याने भोपळा पिकवलेला असतो, कारागिराने ॲल्युमिनियमचे पातेले घडवलेले असते. सूप तयार झाले, की ते फक्त घरच्यांनी खावयाचे नसते. झाकलेली भांडी घेऊन मुले शेजारीपाजारी धावतात. एका घरचे सूप दुसऱ्या घरी जाते, दुसऱ्या घरचे तिसऱ्या घरी येते. ज्याच्या घरी त्या वर्षी चूल पेटली नसेल, त्याच्याकडे तर ते आवर्जून पोहोचवले जाते. ज्याच्या घरी जे असेल, ते पातेल्यात पडते. परंतु भोपळा मात्र हवाच.

थोडे बारकाईने पाहिले, तर या एका पातेल्यात जगाचा मोठा भूगोल सामावलेला दिसतो. भोपळा, बटाटा आणि मिरची ही अमेरिका खंडांची देणगी. कोबी आणि सलगम युरोपातून आले. लवंग ही मूळची आजच्या इंडोनेशियातील मलुकू बेटांची, लिंबू आशियातले. आणि हे सारे एकत्र आणून त्याला चव देणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशजांचे. ज्या भोपळ्याचे महाराष्ट्रात घारगे होतात आणि जी मिरची येथील प्रत्येक वाटणात असते, त्या दोन्ही वस्तूदेखील अमेरिकेतूनच समुद्रमार्गे भारतात पोहोचल्या. हैतीतील पातेले आणि येथील कढई यांचे हे दूरचे नाते आहे.

स्वातंत्र्य मिळाले, तरी हैतीची परीक्षा संपली नव्हती. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँकची मागणी केली. कशाबद्दल? तर मळेवाल्यांचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई म्हणून! ज्यांनी पिढ्यानपिढ्या फुकट राबावे, त्यांनीच मुक्त झाल्याबद्दल दंड भरावा, असा हा उलटा न्याय होता. १८३८ साली ही रक्कम ९ कोटी करण्यात आली. तरीही तो बोजा गरीब देशाला पेलणारा नव्हता. हप्ते फेडण्यासाठी परदेशी सावकारांकडून कर्जे काढावी लागली. त्या कर्जांची परतफेड १९४७ सालापर्यंत, म्हणजे भारत स्वतंत्र झाला त्या वर्षापर्यंत, चालू होती. शाळा, रस्ते आणि रुग्णालये यांवर खर्च व्हावयाचा पैसा समुद्रापार जात राहिला. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सैन्य हैतीत तळ देऊन होते. १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भीषण भूकंपात लाखाहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा भूकंप झाला. अलीकडच्या वर्षांत सशस्त्र टोळ्यांच्या दहशतीमुळे लाखो लोकांना राहती घरे सोडावी लागली आहेत.

एवढ्या संकटांतही १ जानेवारीचे पातेले चुलीवरून खाली उतरलेले नाही. पोटासाठी परदेशी गेलेली हैतीची माणसे न्यूयॉर्कच्या आणि मॉन्ट्रियलच्या हिमवर्षावातही त्या दिवशी भोपळा शोधून आणतात. आजी नातवंडांना सूप वाढता वाढता १८०४ ची हकीकत सांगते. पुस्तक हरवते, पुतळा कोसळतो. परंतु आजीच्या हातची चव आणि तिने सांगितलेली गोष्ट सहसा विसरत नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी युनेस्को या जागतिक संस्थेने या सुपाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हैतीचा या यादीतील तो पहिलाच वारसा होता. भूकंपाच्या दुःखातून देश सावरत असतानाच ही वार्ता आली आणि लोकांनी ती मोठ्या अभिमानाने ऐकली.

हैतीच्या स्वातंत्र्याचा लाभ केवळ हैतीलाच झाला नाही. दक्षिण अमेरिकेच्या मुक्तीसाठी झटणारा सिमोन बोलिव्हार १८१५ च्या अखेरीस पराभूत होऊन हैतीच्या आश्रयाला आला. तेव्हा हैतीचा अध्यक्ष पेतियाँ याने त्याला शस्त्रे आणि माणसे दिली. त्याबदल्यात त्याने सोने मागितले नाही, की भूमी मागितली नाही. तुझ्या देशातील गुलामांना मुक्त कर, एवढीच त्याची अट होती. आपल्या घरचे सूप शेजाऱ्याला नेऊन देण्याची हैतीची रीत अशी देशाच्या सीमेपलीकडेही गेली.

सूप जूमूची खरी चव या रीतीत आहे. अन्न शिजवणारा एक आणि खाणारा दुसरा, राबणारा उपाशी आणि बसून राहणारा तृप्त, अशी स्थिती जेथे असते, तेथे निशाण कोणतेही फडकत असो, स्वातंत्र्य अपुरे असते. ज्याने पातेले ढवळले त्याच्याही ताटात पहिली पळी पडावी आणि ज्याची चूल विझली आहे त्याच्या दारीही वाफाळलेले भांडे पोहोचावे, हा त्या पहिल्या जानेवारीचा अर्थ आहे. म्हणून हैतीतील लहान मूल भोपळ्याचे सूप ओठांना लावते, तेव्हा ते केवळ न्याहारी करत नसते. आपल्या पूर्वजांनी जिंकलेला हक्क ते दर वर्षी नव्याने चाखत असते.

अभ्यास

१. सूप जूमू हे हैतीचे राष्ट्रीय अन्न का मानले जाते, ते पाठाच्या आधारे सांगा.
२. ‘दहा वर्षांचे मूल त्या कायद्याच्या दृष्टीने मूल राहत नसे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. १८२५ साली हैतीकडे केलेल्या मागणीला ‘उलटा न्याय’ का म्हटले आहे?
४. सुपातील कोणकोणते पदार्थ जगाच्या कोणत्या भागांतून आले? नकाशात ते भाग दाखवा.
५. मारी-क्लेअर आणि पेतियाँ यांच्या वागण्यात कोणते साम्य दिसते?
६. तुमच्या घरी सणाच्या दिवशी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची हकीकत वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.